अनुदान नको, प्रशिक्षण द्या

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ पाण्याखाली गेलेले, चहूबाजूंना अंधार आणि गाडीत एक हजाराहून अधिक प्रवासी. त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या, वृद्ध होते, लहान मुले होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आले आणि दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर काढण्यात आले. या कामगिरीचे देशभर कौतुक झाले आणि ते सर्वथा उचित होते.

तथापि, मदतीला धावून येणाऱ्यांत केवळ गणवेशधारी नव्हते. आसपासच्या गावांतील तरुण होते, बदलापुरातील मंडळांचे आणि संस्थांचे कार्यकर्ते होते. कोणी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे पोहोचवली, कोणी बाहेर आलेल्यांना आधार देऊन चिखलातून रस्त्यापर्यंत नेले, कोणी त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था लावली. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नव्हती. आपत्तीचे पहिले काही तास नेहमी अशाच माणसांचे असतात. दल कितीही तत्पर असले तरी ते दुरून येते, शेजारी मात्र तेथेच असतो. प्रश्न एवढाच की, या शेजाऱ्याला काय करावे हे कोणी शिकवले आहे काय?

पुराच्या पाण्यात उडी घेण्यास धैर्य लागते, हे खरे. परंतु दोर कमरेला न बांधता उडी घेणारा धैर्यवान तरुण अनेकदा स्वतःच मृतांच्या यादीत जातो. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, त्याला समोरून धरावयाचे नसते, मागून धरावयाचे असते. गुडघाभर वाटणारे वाहते पाणी प्रौढ माणसाचेही पाय उचलते. छातीवर दाब देऊन थांबलेले हृदय चालू ठेवण्याची एक रीत आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याला ओढून काढण्यापूर्वी त्याच्या अंगावर नेमका कशाचा भार आहे हे पाहावे लागते. या गोष्टी देशभक्तीने येत नाहीत, त्या सरावाने येतात. सेवाभाव हा कार्यकर्त्याचा प्राण असला, तरी कौशल्य हे त्याचे शरीर आहे, आणि शरीरावाचून प्राण कार्य करू शकत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत हा प्रश्न जितका निकडीचा आहे, तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक, अंबरनाथची अडीच लाखांच्या पुढे आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतरच्या वर्षांत विशेषतः बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या, हे लोकल गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्यासही कळते. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे रसायनांचे कारखाने आणि मध्ये दाटीवाटीची वस्ती. २६ जुलै २००५ चा महापूर या पट्ट्यातील लोक अद्याप विसरलेले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मे २०२१ मध्ये त्याच शहरात एका महिन्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बदलापुरात एका कारखान्यातून वायुगळती झाली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथकरांनी रात्री डोळे चुरचुरत असताना घरांची दारे-खिडक्या लावून घेतल्या. वायुगळतीच्या वेळी धावत सुटावे की घरातच थांबावे, वाऱ्याच्या दिशेने जावे की आडवे जावे, हे गल्लीतील दहा जणांना जरी ठाऊक असते, तरी निम्मी घबराट टळली असती.

येथील समाजास स्वयंसेवा नवीन नाही. उल्हासनगर हे शहरच मुळी उद्ध्वस्त झालेल्या समाजाने स्वतःच्या हातांनी वसवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. मातृभूमी, घरदार आणि व्यापार मागे टाकून आलेल्या या लोकांनी बराकींत संसार मांडले, शाळा काढल्या, आणि १९६५ मध्ये चांदीबाई महाविद्यालयासारखी संस्था उभी राहिली. सरकारने छप्पर दिले, शहर मात्र समाजाने उभे केले. अंबरनाथला तर इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तेथे लोटणारी गर्दी आवरण्यासाठी दरवर्षी तरुण स्वयंसेवक उभे राहतात. बदलापुरातील गणेशोत्सव मंडळांविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मनुष्यबळ आहे, उत्साह आहे, नेतृत्वही आहे. नाही ते शिक्षण.

मग शासन या क्षेत्रात काहीच करीत नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे सेवाकार्य आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा आजही कायम आहे. १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे निघाली, ती प्रामुख्याने महाविद्यालयात न जाणाऱ्या ग्रामीण युवकांसाठी. १९९३ मध्ये तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे युवक विकासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २०१२ मध्ये संसदेने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्येच स्वतःचे युवा धोरण जाहीर केले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, केंद्र सरकारने ‘मेरा युवा भारत’ या नव्या व्यवस्थेचा आरंभ केला आणि कोट्यवधी तरुणांनी तेथे आपली नावे नोंदवली.

या सर्व योजनांचा हेतू उत्तम आहे. परंतु उल्हासनगरच्या गल्लीत उभे राहून पाहिले की त्यांच्यामधील फट दिसू लागते. राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची. युवा केंद्रांचा रोख खेड्यांकडे. प्रत्येक तालुक्यास दोन स्वयंसेवक, ही राष्ट्रीय युवा कोअरची रचना तर उघडच ग्रामीण प्रशासनाच्या मापाने बेतलेली. आता दहावीनंतर शाळा सोडून जीन्स शिवण्याच्या कारखान्यात बसलेला उल्हासनगरचा मुलगा यांपैकी कोणाचा? पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री दहाला परतणारा बदलापूरचा नोकरदार तरुण कोणत्या योजनेत बसतो? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारी मुलगी? ती ना विद्यार्थिनी, ना ग्रामीण. नऊ-दहा लाखांच्या या वस्तीतील तरुणांचा फार मोठा भाग सरकारी कोष्टकांच्या दोन रकान्यांमधल्या रेघेवर उभा आहे.

आपत्ती व्यवस्थापनातही तेच घडले. २०१६ मध्ये सुरू झालेली आणि २०२१ पासून ३५० जिल्ह्यांत विस्तारलेली ‘आपदा मित्र’ योजना ही अलीकडच्या काळातील खरोखर चांगली योजना होय. एक लाख स्वयंसेवक, बारा दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, प्रत्येकाला साहित्याचा संच आणि विम्याचे संरक्षण, अशी तिची आखणी आहे. त्यानंतर ‘युवा आपदा मित्र’ ही योजना आली. सुमारे २ लाख ३७ हजार तरुणांसाठी ४७० कोटी रुपये, म्हणजे माणशी वीस हजारांच्या आसपास. जीव वाचवण्याची विद्या देण्यासाठी हा खर्च मुळीच जास्त नाही. मात्र हे तरुण निवडावयाचे कोठून, तर राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, युवा केंद्रे आणि स्काउट-गाइड यांतून. जीन्स शिवणारा मुलगा पुन्हा दाराबाहेरच.

याहून मूलभूत उणीव निराळीच आहे. शासनाच्या योजना तरुणांचा विचार करतात. तरुणांना वळण लावणाऱ्या माणसाचा विचार करीत नाहीत. शंभर विद्यार्थ्यांमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो. तो प्राध्यापक असतो आणि तासिका, उत्तरपत्रिका, परीक्षा सांभाळून हे काम करतो. त्याची जी काही तयारी होते ती अल्पकाळाच्या वर्गात. मंडळाचा अध्यक्ष, व्यायामशाळेचा वस्ताद, वस्तीतील अभ्यासिका चालवणारा दादा, बालवर्ग घेणारी ताई, यांची तर शासनदरबारी गणनाच नाही. वस्तुतः पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कोणत्या वाटेने जाणार, हे पुष्कळदा हीच माणसे ठरवतात. युवक महोत्सव भरवला, टी-शर्ट वाटले, प्रमाणपत्रे दिली की वर्षाचा अहवाल भरतो. दादा मात्र होता तेथेच राहतो.

इंग्लंडचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण पिढी भरकटत असल्याची चिंता वाढली, तेव्हा शासनाने लेडी अल्बेमार्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९६० मध्ये दिलेल्या अहवालात इमारतींबरोबरच प्रशिक्षित युवा कार्यकर्त्यांची संख्या वाढवण्यावर भर दिला आणि पूर्णवेळ कार्यकर्ते सुमारे ७०० वरून १३०० वर न्यावेत, असे सुचवले. लगेच पुढच्या वर्षी लेस्टर येथे युवा नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय महाविद्यालय उघडले गेले. पण कथा तेथे संपत नाही. ते महाविद्यालय १९७० मध्ये बंद झाले, आणि २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली तेथील स्थानिक संस्थांनी युवा केंद्रांवर जी कुऱ्हाड चालवली, तिच्यात शेकडो केंद्रे नाहीशी झाली. जे काम संपूर्णपणे सरकारी पगारावर उभे असते, ते सरकारी तिजोरीच्या एका फटकाऱ्याने आडवे होते. आपल्याकडेही राष्ट्रकुल युवा कार्यक्रमाचे आशिया केंद्र चंदीगडला होते आणि युवा कार्यकर्त्यांसाठी पदविका शिक्षणक्रम चालवला जाई. ते केंद्र २०१४ मध्ये बंद झाले. फारशी हळहळही व्यक्त झाली नाही.

आता दुसरी बाजू. हिंदुत्वनिष्ठ संघटनांच्या वर्तुळात सरकारी साहाय्याविषयी एक स्वाभाविक संकोच आहे आणि त्यामागे दीर्घ अनुभव आहे. संघाचा पहिला प्रशिक्षण वर्ग १९२७ च्या उन्हाळ्यात नागपुरात भरला. तेव्हापासून आजतागायत वर्गाला येणारा स्वयंसेवक स्वतःचे शुल्क भरतो, गणवेश स्वतः विकत घेतो आणि प्रवासखर्च स्वतः करतो. कार्यकर्ता घडवण्याची एवढी मोठी व्यवस्था शासनाच्या एका पैशाविना उभी राहिली. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून, कन्याकुमारीचे विवेकानंद केंद्र १९७२ पासून कार्यकर्ता घडवण्याचेच काम करीत आले आहेत. ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी यांच्या नावाने १९८२ मध्ये सुरू झालेली प्रबोधिनी तर लोकप्रतिनिधींपासून वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांपर्यंत सर्वांना प्रशिक्षण देते. अनुदान आले की लेखापरीक्षकाला आवडेल तेच काम करण्याची सवय लागते, आणि अनुदान थांबले की काम थांबते. अनुदानासाठीच जन्मलेल्या आणि अनुदानाबरोबरच निमालेल्या संस्थांच्या पाट्या ठाणे जिल्ह्यातही पुष्कळ सापडतील. सत्ता बदलली की अनुदानाची यादी बदलते, हा अनुभव तर सर्वच पक्षांच्या राजवटीतला आहे. सत्ता आज अनुकूल आहे म्हणून हा धोका टळला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. उलट अनुकूल काळातच हात पसरण्याची सवय लागते.

हा आक्षेप बिनतोड आहे, पण तो पैशापुरता. विद्येला तो लागू पडत नाही. शाखेवर शिस्त शिकता येते, समूहात काम करणे शिकता येते, माणूस जोडणे शिकता येते. परंतु क्लोरीनची गळती आणि अमोनियाची गळती यांतील फरक, कोसळलेल्या स्लॅबखाली टेकू कसा द्यावा, व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या सतरा वर्षांच्या मुलाशी पहिल्या भेटीत काय बोलू नये, या गोष्टी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात. अग्निशमन दल, प्रतिसाद दल, सरकारी रुग्णालये आणि कारखाना निरीक्षकांचे कार्यालय यांच्याकडे ही विद्या आहे. ती जनतेच्या पैशातून उभी राहिलेली आहे आणि तिच्यावर समाजाचा अधिकार आहे. ती मागताना कोणाचीही मान खाली जाण्याचे कारण नाही. ‘आम्ही सेवा करतो, आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण’ असा जो ताठा काही उत्साही कार्यकर्त्यांत आढळतो, तो मात्र सोडला पाहिजे. २००५ च्या पुरात काय चुकले याची चिकित्सा किती मंडळांनी, किती संस्थांनी बसून केली? सत्कार समारंभ मात्र झाले.

बदलापूरने २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात आणखी एक धडा घेतला, आणि तो सर्वांत वेदनादायी होता. एका शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची वार्ता पसरली आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. सुमारे दहा तास गाड्या थांबल्या. तो संताप न्याय्य होता. परंतु त्या दिवसाने दोन गोष्टी उघड्या केल्या. मुलांच्या सहवासात काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासणे आणि त्याला बालसंरक्षणाचे पाठ देणे ही औपचारिकता नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ पासून अस्तित्वात आहे; गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हाच त्या कायद्याने गुन्हा आहे. हे किती क्रीडा प्रशिक्षकांना, किती शिबिरप्रमुखांना ठाऊक आहे? बालवर्ग, संस्कारवर्ग आणि उन्हाळी शिबिरे भरवणाऱ्या आपल्याच संस्थांनी हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. दुसरी गोष्ट अशी की, संतप्त जनसमुदायासमोर उभे राहून ज्याचा शब्द ऐकला जाईल असा माणूस आयत्या वेळी निर्माण होत नाही. वर्षानुवर्षे त्या वस्तीत काम केलेल्या माणसालाच तो अधिकार मिळतो.

शासनाने करावयाचे काय, याची यादी फार लांब नाही. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना दहा लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो गोविंदांचा विमा उतरवला. हे स्वागतार्हच आहे. थरावरून पडणाऱ्या तरुणाच्या कुटुंबाची काळजी सरकार घेत असेल, तर पुरात दुसऱ्याला वाचवताना वाहून जाणाऱ्या तरुणाच्या कुटुंबाची काळजी घेण्यास कोणता अडथळा आहे? आपदा मित्रांना जे संरक्षण मिळते, तेच प्रशिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येक नोंदणीकृत स्वयंसेवकास मिळावे, मग तो कोणत्याही मंडळाचा असो, गुरुद्वाराचा असो वा मठाचा. मानधन मात्र नको. मानधन आले की स्वयंसेवक उमेदवार होतो आणि उमेदवारांची यादी नगरसेवकाच्या घरी तयार होऊ लागते.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि या तीन शहरांत खरी मेख तेथेच आहे. जिल्हा मुख्यालयी, कामकाजाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता भरणारा वर्ग कितीही उत्तम असला, तरी लोकलने मुंबईला जाणारा तरुण त्याला येऊ शकत नाही. रजा काढली तर पगार कापला जातो. कंत्राटी कामगाराची तर जागाच जाते. बारा दिवस सलग देणे त्याला शक्य नाही, पण बारा रविवार तो देऊ शकेल. वर्ग त्याच्या शहरात यावयास हवा. तिन्ही शहरांत पालिकांची अग्निशमन केंद्रे आहेत, प्रशिक्षक जवान आहेत, शिड्या आणि दोर आहेत. उल्हास नदीचे पात्र बदलापुरातूनच वाहते, सरावासाठी अन्यत्र जाण्याचे कारण नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना वर्षातून चार वेळा वस्तीत येऊन शिकवणे बंधनकारक करता येईल. त्यांच्याच कारखान्यातून वायू गळतो तेव्हा धावणारी मुले वस्तीतलीच असतात. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारी ते मे या काळात, बारा काय, पंधरा-सोळा रविवार मिळतात. तेवढ्या रविवारी या तीन शहरांतील अग्निशमन केंद्रांचे फाटक संध्याकाळपर्यंत उघडे ठेवण्याचा आदेश देण्यासाठी नव्या धोरणाची, नव्या महामंडळाची वा नव्या तरतुदीची गरज नाही. एका महापालिका आयुक्ताची आणि दोन मुख्याधिकाऱ्यांची स्वाक्षरी पुरते.